डावा घोडा

गुरुदासची बायको बाळी गेल्याची बातमी झिलूनंच आणली. गुरुदास रामनगरच्या बाजारातून परतत होता. शेजारचा झिलू वाटेवरच उभा होता, शर्ट रक्तानं माखलेला.

बाळी रानाकडेला वाकून कंद खणत होती. कुणीतरी डुक्कर समजून बार काढला. झिलूनं तिला पाठीवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, पण वाटेतच सगळं संपलं.

"जीपवालं असणार, अण्णा," झिलू म्हणाला. "कुळगीकडनं चोरून शिकारीला येत्यात."

महिन्याभरानं ओढ्यात बंदूक सापडली. जुनी, फ्रेंच, दुनळी, बिनपरवान्याची. फौजदारांनी ती कुणाला न दाखवता सीलबंद केली आणि त्या बनावटीचं फ्रेंच पुस्तक कुठूनसं मिळवलं. कोर्टासाठी ते इंग्रजीत हवं होतं. गुरुदासनं मिलमध्ये जन्मभर हेच केलेलं, फ्रेंच यंत्रांची पुस्तकं इंग्रजीत.

"तुम्हालाच सांगावं लागतंय, वाईट वाटतं," फौजदार म्हणाले. "आणि एक. बंदुकीला डावीकडं सुतळी गुंडाळलीय. ती कशाला, ते पुस्तकात मिळतं का बघा. बाहेर बोलू नका."

बंदूक कुणाची ते कळावं, एवढंच गुरुदासला हवं होतं. तो कामाला लागला.

त्याला शब्द येत होते, बंदूक येत नव्हती. झिलूचा बाप शिकारी. झिलू रोज संध्याकाळी पेज घेऊन यायचा आणि समोर बसायचा.

"इथं शियँ म्हटलंय," गुरुदास म्हणाला. "म्हणजे कुत्रा. हा बघ, चापाच्या वर."

"बंदुकीत कुत्रा?" झिलूनं चित्रात डोकं घातलं. "घोडा हाय त्यो! फ्रेंचांनी घोडं बघितलंच न्हाई व्हय?"

गुरुदास हसला. बाळी गेल्यापासून पहिल्यांदाच. इंग्रजांनी त्याला हातोडा म्हटलं होतं. त्यानं तसं लिहिलं.

पुस्तक संपत आलं. सुतळीचा उल्लेख कुठंच नव्हता, आणि गुरुदासनं तो झिलूजवळही काढला नव्हता. शेवटची सूचना त्यानं मराठीत वाचून दाखवली: दोन्ही घोडे अर्धे ओढून ठेवावेत, मगच काडतूस भरावं.

झिलू पेजेत मीठ ढवळत होता.

"डावा ऱ्हातोय कुठं? सुतळीनं बांधाय लागतंय त्याला," तो म्हणाला. "पी अण्णा, गार व्हतीया."

गुरुदासनं पेज प्याली. पुस्तक सगळं इंग्रजीत झालं होतं. झिलूचं तेवढं एक वाक्य करायचं राहिलं होतं.