उष्टी रोटी

योल्दोशने टपालाची पिशवी दाराबाहेरच्या खुंटीला अडकवली आणि मगच तो सनोबरच्या खोलीत शिरला. पिशवी आत नेली की बायकांची नजर तिच्यावरून हलत नाही, हे लढाईच्या दीड वर्षात तो शिकला होता.

"पत्र?" सनोबरने विचारलंच.

"नाही, ओपा." गावातल्या थोरल्या बायकांना तो ओपा, म्हणजे ताई, म्हणायचा. "वाळलेल्या तुती आणल्यात, मूठभर."

तिची सहा वर्षांची कुमुश कोपऱ्यात दुलईखाली पडली होती. चेहरा सुजलेला, पायांच्या काटक्या झालेल्या. गावात गव्हाचा दाणा नव्हता. होता तेवढा आघाडीवर गेला होता. लोक सरकीची पेंड खाऊन दिवस काढत होते. मोठ्यांना ती कशीबशी पचायची, कुमुशच्या पोटात ठरत नव्हती. नर्स सकाळीच सांगून गेली होती, पोटात धान्य गेलं तर पोर वाचेल. मुलांसाठी पिठाची गाडी शुक्रवारी येणार होती. आज सोमवार होता.

आणि घरात धान्य होतं. समोरच्या भिंतीवर, कापडात गुंडाळून टांगलेलं.

सनोबरचा थोरला मुलगा एर्गाश गेल्या एप्रिलात लढाईवर निघाला तेव्हा उंबऱ्यात उभं राहून त्याने आईच्या हातच्या रोटीचा एक घास तोडला होता. उरलेली रोटी भिंतीवर गेली. जाणारा परत येतो आणि आपली उष्टी रोटी संपवतो. तोवर तिला कोणी हात लावायचा नाही. गावात अशा चाळीस रोट्या टांगलेल्या होत्या. लढाई का लागली हे मात्र त्या चाळीस घरांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. कोणी कोणाचा मुलूख आधी गिळला, ते मास्तरांनी चहाखान्यात नकाशा लावून पुष्कळ समजावलं होतं. म्हातारे माना डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "ते सगळं ठीक आहे मास्तर, पण त्यात आमची पोरं कुठे बसतात?"

"ओपा," योल्दोश म्हणाला, "ती रोटी काढा. भिजवून पेज केली तर शुक्रवारपर्यंत पुरेल."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"पोरगी हातची जाईल."

"आणि रोटी मोडली तर पोरगा जाईल. तुझ्या भिंतीवर काही टांगलेलं नाही, तुला बोलायला काय जातंय! लंगडा पाय मिळाला, सुटलास."

 सनोबर पूर्वी असं बोलणारी नव्हती. कापसाच्या हंगामात तिने एकटीने दोघींचा कापूस वेचला होता. या कापसाची बंदुकीची दारू होते, पोराला कमी पडायला नको, असं म्हणत बोटं फुटेपर्यंत वेचायची. गावाच्या सामुदायिक शेताच्या चेअरमनने तिचं नाव मानाच्या लाल फलकावर लावलं होतं. ही बाई बसली तर आपला हंगाम बसला, असं तो चारचौघांत सांगायचा.

"पीठ आणि पाणी, ओपा, दुसरं काय आहे त्या रोटीत? एर्गाश इथे असता तर त्यानेच..."

"असता तर म्हणजे? आहे तो!" ती ताडकन उठली. "तू एवढंच म्हण, की तो नाही. अल्लाची शपथ घेऊन म्हण. आत्ता काढते रोटी. तुझ्यादेखत भिजवते."

कुमुशने डोळे उघडून दोघांकडे पाहिलं. योल्दोश हातातल्या तुती एकेक करून ताटलीत ठेवत राहिला.

"मी असं कसं म्हणू?" तो शेवटी म्हणाला. "मी साधा टपालवाला."

"मग चालता हो."

मंगळवारी तो कोंडा घेऊन आला. बुधवारी तीन दारं पुजून अर्धी वाटी शेळीचं दूध आणलं. ते कुमुशने ओकून टाकलं. दोन्ही दिवस त्याने रोटीचं काढलं आणि दोन्ही दिवस सनोबरने पाठ फिरवली. अशा हट्टाला काय म्हणावं? हातभर अंतरावर अन्न, आणि आई आपल्या तोंडात तुती चघळून पोरीला भरवतेय. ऐकणाऱ्याचं रक्त उकळतं.

गुरुवारी दुपारी कुमुश गेली.

तिचं इवलंसं ओझं उचलायला गावात धड चार पुरुष उरले नव्हते. लंगडत्या पायाने योल्दोशने कबरीपर्यंत खांदा दिला. परत आला तेव्हा अंगणात बायका कुजबुजत होत्या.

"रोटी जपली आणि पोर घालवली."

"आई कसली, सावत्रसुद्धा अशी वागत नाही."

"गप्प बसा!" योल्दोश एवढ्या मोठ्याने ओरडला की आत चाललेलं रडणं थांबलं. बायका चपापल्या. त्या बाईची बाजू घेणारा सबंध गावात तो एकटाच निघाला.

शुक्रवारी पिठाची गाडी ठरल्या वेळी आली.

त्यानंतर दोन दिवसांनी सनोबरने त्याला बोलावून घेतलं. तिची सगळी पत्रं तोच लिहायचा. तिच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं. कापडातली रोटी होती तिथेच होती.

"लिही," ती म्हणाली. "बाळा, तुझी रोटी जागच्या जागी आहे. कोणाला हात लावू दिला नाही. लवकर ये."

योल्दोशने लिहिलं. "कुमुशचं?"

"ते नको. तिथे लढताना पोराचा हात थरथरेल. ती मजेत आहे म्हणून लिही. आला की मीच सांगेन." तिने रोटीवरचं कापड नीट केलं. "वाईट बातमी आपली आपल्यापाशी ठेवावी रे. चुकलं का माझं?"

"नाही, ओपा."

"आजच टाकशील ना?"

"टाकतो."

घरी येऊन त्याने पत्र्याची पेटी उघडली. सनोबरने या हिवाळ्यात लिहायला लावलेली चार पत्रं आत होती, त्यांच्यावर त्याने हे पाचवं ठेवलं. सगळ्यांच्या तळाशी होता ऑक्टोबरात आलेला, चेअरमनने 'कापूस उरकेपर्यंत तिला देऊ नकोस' म्हणत पुन्हा त्याच्याच हातात कोंबलेला, एर्गाश लढाईत पडल्याचा सरकारी कागद.