चाकांवरचा टॉवर

"बाबांना पाठ फिरवायला सांग," लेकीने फोनच्या पडद्यावरून हातांनी म्हटलं.

आईने नवऱ्याकडे बघून बोट गोल फिरवलं. तो मुकाट्याने वळला आणि शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. या घरात खासगी बोलायचं तर असंच. मायलेकी दोघींनाही ऐकू येत नाही, सगळं बोलणं हातांचं. ते चोरून ऐकायचं नसेल तर शहाण्या माणसाने भिंत बघावी.

लेक शहरात, वसतिगृहात राहून छपाईचं काम शिकत होती. गेल्यापासून ती अशी हलती-बोलती दिसत होती ती आजच. एरवी फोनवर चित्र म्हणून यायचंच नाही. पण आज सकाळी साहेबांनी टेकडीवरच्या नव्या टॉवरची फीत कापली होती, 'आता घराघरांत वेगवान नेटवर्क' असा बॅनर अजून शाळेच्या फाटकावर फडफडत होता, आणि नेटवर्क खरंच आलं होतं की! शाळेमागे तर इतकं स्वच्छ, की लेकीच्या हनुवटीवरची पुटकुळीसुद्धा दिसली. आईने आधी त्या पुटकुळीवरूनच तिला झापून घेतलं.

मग लेकीने उठून खोलीचं दार लावलं. फोन कशाला तरी टेकवला, दोन्ही हात मोकळे केले.

"रागावणार नाहीस ना? इथं मला..."

आणि हात तसेच राहिले. एक छातीशी, एक हवेत अर्ध्यावर. मग चित्रच गेलं.

आईने फोन हलवला, बाहीने पुसला, डोक्यावर धरला. शेवटी नवऱ्याच्या पाठीत कोपर मारलं. तो वळला तेव्हा त्याला दिसलं, मागे उभ्या असलेल्या गाडीच्या टपावरचा उंच खांब घरघरत खाली येत होता. गाडीबरोबर आलेला टॉवरवाला वायरी गुंडाळत होता.

"अहो भाऊ, फोन बंद पडला की आमचा!"

"पडणारच," टॉवरवाला म्हणाला. "नेटवर्क या गाडीचं होतं ना. साहेबांना मोठ्या साहेबांशी व्हिडिओवर बोलायचं होतं, सगळ्यांसमोर. त्याच्यासाठी आणली होती."

"आणि टेकडीवरचा?"

"तोही चालू आहे, काका. आवाज एकदम खणखणीत येतो. व्हिडिओचं काम पुढच्या टप्प्यात."

नवऱ्याने हे बायकोला हातांनी सांगितलं. 'आवाज खणखणीत' सांगताना त्याचे हात जरा अडखळले.

तिचं उत्तर बरंच लांबलं. त्यात एकदा टेकडी आली, एकदा फाटकावरचा बॅनर आला, साहेब आले, साहेबांचं पोट आलं, आणि काही खुणा अशा आल्या की त्या समजायला कुणाला शिकवणी लागत नाही.

"काय म्हणतात काकू?"

"म्हणते, पाच मिनिटं खांब वर करता का."

"एवढंच?"

"तुम्हाला सांगण्यासारखं एवढंच होतं."

टॉवरवाला हसला. माणूस वाईट नव्हता. "नाही हो जमणार. कार्यक्रम संपला की गाडी काढायची, अशी वरून ऑर्डर आहे. उद्या दुसरीकडे उद्घाटन आहे."

"तिथंही हीच गाडी?"

तो वायरीत गुंतला. "मेसेज करा की मुलीला. मेसेज जातो टेकडीवरून."

"हिला वाचता येत नाही. मला येतं. पण जे सांगायला तिने मला भिंतीकडे तोंड करायला लावलं, ते ती मला लिहून पाठवेल होय?"

उत्तर नसलं की माणसं बोलतात तसं टॉवरवाला बोलला, "पण काकूंना मुळात ऐकूच येत नाही, तर एवढा फोन हवाच कशाला?"

नवऱ्याने हात खिशात घातले. हे तो तिला सांगणार नव्हता. पण तिने टॉवरवाल्याचा चेहरा पाहिला, नवऱ्याचे खिशात गेलेले हात पाहिले, आणि तेवढ्यात तिला समजायचं ते समजलं.

ती टॉवरवाल्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. एक हात छातीशी धरला, दुसरा हवेत, अर्ध्यावर. आणि तशीच थांबली.

टॉवरवाला वायर हातात घेऊन बघत राहिला. ती हात खाली घेईना.

"काय... काय म्हणताहेत?"

"ती नाही म्हणत. लेक म्हणत होती," नवरा म्हणाला. "तिथपर्यंतच पोचलंय."

टॉवरवाल्याने खांबाकडे पाहिलं. बटणापर्यंत त्याचा हात गेलासुद्धा. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला, टेकडीवरून, एकदम खणखणीत. "निघालास का रे?" हे चार पावलांवर उभ्या नवऱ्यालाही ऐकू आलं.

"निघालोच, साहेब."

त्याने मागचं झाकण लावलं, कडी घातली. या दोघांकडे न बघता हे सगळं करता येतं, तसं केलं.

मग ती हलली. गाडीला वळसा घालून गेली, पुढचं दार उघडलं, चढली. खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली, पट्टा ओढला आणि खटकन अडकवला.

"अहो काकू! उतरा, उतरा! काका, सांगा ना त्यांना. कुठं निघाल्या त्या?"

नवऱ्याने काचेतून तिच्याकडे पाहिलं. तिने एकच खूण केली, छोटी.

"खांब पुन्हा जिथं वर होईल, तिथं," नवरा म्हणाला. आणि दार उघडून त्याने तिला हातानेच सांगितलं, जरा सरक.