मला हात लावायचा नाही
वायरमनच्या छातीतून दोन तारा उशाजवळच्या डबीत गेल्या होत्या. ऑपरेशननंतर हृदयाची वीज रुसली होती. वरच्या कप्प्यातला इशारा खाली पोचतच नव्हता. म्हणून ठोके डबी देत होती. "आज डबी बंद करून बघू," म्हणत डॉक्टरबाईंनी बटणाला बोट लावलं, तसा बायकोने नवऱ्याचा हात चटकन सोडला. "घाबरलात?" "नाही हो. तारांचं काम चालू असताना मला हात लावायचा नाही, असं ह्यांनीच जन्मभर बजावलंय." बटण फिरत गेलं. पडद्यावरची रेघ आडवी पडली. जीव मुठीत धरून ती बघत राहिली, पण हात मांडीवरून उचलला नाही. मग रेघेने डोकं वर काढलं. पुन्हा काढलं. लय धरली. डॉक्टरबाईंनी डबी बाजूला सरकवली. वायरमनने मिटल्या डोळ्यांनीच तळवा बायकोकडे पसरला. "धर गं आता," तो पुटपुटला, "घरची लाइट आली."