गुहेपाशी दोघी

चाकण रस्त्यावर टेम्पोनं उडवलं तेव्हा दीपमालाच्या मांडीचं हाड मोडलं. परभणीहून सासू दुर्गाबाई आल्या. सुनेला न्हाऊ घालायच्या आणि ती रडली तरी रागावून चालवायच्या. वर्षानंतर आज दोघी राजगुरुनगरपलीकडच्या मोठ्या गुहेतली वटवाघळं बघायला आल्या. शेवटच्या चढावर दुर्गाबाईंना दम लागला, तेव्हा दीपमालानंच हात देऊन त्यांना वर घेतलं. दिवस मावळला आणि गुहेच्या काळ्या तोंडातून थवे निघाले, ते थांबेचनात. बघता बघता आभाळ भरलं. त्यांच्या पंखांचा वारा चेहऱ्याला लागला आणि दीपमालाला हुंदका फुटला. “आई, तुमच्यामुळं मी इथवर चढले.” “डोकं झाक आधी, वरून घाण पडायलीय,” दुर्गाबाई म्हणाल्या. दीपमालाकडे ओढणी नव्हती. त्यांनी आपला पदर तिच्याही डोक्यावर ओढला. मग त्या पदराखाली हळूच म्हणाल्या, “चाललीस तर तूच, माय. मी नुसती वरडत होते.”