हेल्मीच्या दारातला चढ

आर्वोची गाडी हेल्मीच्या दारातला चढ एका दमात चढली आणि आर्वोचं तोंड पडलं.

निदान इथे तरी अडकेल, अशी त्याला आशा होती. निम्म्यावर चाकं जागच्या जागी गरगर फिरतील, गाडी मागे घसरत येईल आणि तळाशी बर्फात रुतून बसेल. चार हिवाळे हेच होत आलं होतं. आज ती थेट पायरीशी जाऊन थांबली. हेल्मी दारातच उभी होती. तीही हसली नाही. "आलास वर?" एवढंच म्हणाली.

हे सगळं सिल्वीचं काम. सिल्वी म्हणजे आर्वोची लेक. बाप दर शनिवारी बर्फात अडकतो हे ऐकून तिचे कान किटले होते. "बाबा, बाराही महिने चालणारे टायर म्हणजे धड उन्हाळ्याचे नाहीत नि धड हिवाळ्याचेही नाहीत," ती म्हणायची. "थंडीत त्यांचं रबर लाकडासारखं होतं. खाचांत बर्फ भरला की चाक धरणार कशाला?"

"चर्चचा चढ चढतात की," आर्वो म्हणायचा.

आणि खरंच चढत. कुरकुरत, घसरत, पण चढत. हेल्मीच्या दारात मात्र दर वेळी नांगी टाकत. शेवटी परवा बाप दुपारचा झोपला असताना सिल्वीने गाडी नेली, खास हिवाळी टायर बसवून आणली आणि जुने टायर भंगारात देऊन टाकले. वर बापाला मिठी मारली. आर्वो काय बोलणार? थँक्यू म्हणाला.

पंचाईत अशी होती. आर्वो विधुर, हेल्मी विधवा, दोघं शाळेत एका वर्गातली. दर शनिवारी हेल्मी सौना, म्हणजे घाम काढायची न्हाणी, तापवायची आणि आर्वो अंघोळीला यायचा. त्यात कुणाला काही वाटायचं कारण नाही, आमचं गाव फिनलंडहून आलेल्यांचं, शनिवारी ते सगळंच कुणा ना कुणाच्या सौनात घाम गाळत असतं. पण अंघोळ झाली, कॉफी झाली, की माणसानं आपल्या घरी जायचं असतं. विधुराची गाडी रात्रभर विधवेच्या दारात दिसली असती, तर समोरच्या ग्लाडिसने रविवारी चर्चमध्ये कॉफीबरोबर तेच वाढलं असतं.

अडकलेल्या गाडीला मात्र आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही. आज त्याची, उद्या आपली. बर्फ लोटणारा ट्रक या गल्लीत रविवारी सकाळी येतो, तोवर माणूस जाणार कुठे? मग आर्वो पत्ते खेळायचा, वेलदोड्याचा पाव खायचा आणि हेल्मीच्या कोचावर झोपायचा. ग्लाडिस उलट त्या बिचाऱ्यासाठी सूप पाठवायची. आठवड्यातल्या या एका संध्याकाळी आर्वो दोन वाक्यांच्या पुढे बोलायचा. तीच आता जाणार होती.

अंघोळ झाली. कॉफी झाली. हेल्मीने पत्ते काढले नाहीत.

"चांगले आहेत टायर," ती म्हणाली.

"हो ना. फारच चांगले आहेत."

"मग अंधार पडायच्या आत नीघ."

आर्वो गाडीत बसला. समोर ग्लाडिसचा पडदा हलला होता, म्हणजे नुसतं नाटक करून भागणार नव्हतं, गाडी खरोखरच अडकायला हवी होती. उतार निम्मा संपला तसं त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी कडेच्या ढिगात घातली. पार दिव्यांपर्यंत आत गेली. आर्वोला हायसं वाटलं. खात्री करून घ्यावी म्हणून त्याने रिव्हर्स टाकला, तर गाडी काही झालंच नाही अशी बाहेर आली. त्याने दुसऱ्या बाजूचा ढीग गाठला. तिथूनही बाहेर आली. आर्वोने जन्मात कधी टायरांना शिव्या दिल्या नव्हत्या. आज दिल्या, त्याही आजोबांच्या फिनिश भाषेत.

काचेवर टकटक झाली. आर्वोने काच खाली केली. नवऱ्याचा जुना कोट अंगावर टाकून हेल्मी बाहेर आली होती.

"काय चाललंय तुझं?"

"अडकते का बघतोय." आर्वोने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "मला जायचं नाही गं, हेल्मी."

चार हिवाळ्यांत तो हे पहिल्यांदाच बोलला होता.  हेल्मीने खिडकीतून हात घालून गाडी बंद केली आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"आणि ग्लाडिस?" त्याने विचारलं.

"बघू दे. तिचंही मनोरंजन व्हायला हवं." ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "आणि हे बघ, त्या जुन्या टायरांना उगाच बोल लावू नकोस. दर शुक्रवारी रात्री या चढावर बादल्या भरभरून पाणी मीच ओतत होते."