टपावरचा तंबू

“तंबू उभ्याने निवडायचा नसतो, आत आडवं होऊन निवडायचा,” असं माझ्या नवऱ्याची पहिली बायको सांगायची म्हणे. ती देवाघरी गेली, तरी हे दुकानात प्रत्येक तंबूत आडवे होत होते. आमची जीप आठवडाभर डोंगरातल्या कच्च्या वाटांनी जाणार होती. “तिला हा आवडला असता,” हे म्हणाले. गेलेल्या माणसाचा मत्सर करू नये, कळत होतं. तरी पोटात दुखलंच. मग जीपच्या टपावर बसवायचा तंबू दिसला. “छे, तिला उंचावर भीती वाटायची,” हे म्हणाले. “हाच घेऊ!” म्हणत मी शिडी चढून आत पसरलेसुद्धा. इथे तरी ती नव्हती. खालून तिची लेक म्हणाली, “आई, यात दोघंच मावतात. मी मधे कुठे झोपू?” मधली जागा तुझीच, असा शब्द मीच दिला होता. मी उतरून जमिनीवरच्या तंबूंकडे निघाले.