अग्रक्रम

बोम्मसंद्रातल्या एका कारखान्याचं वायरलेस नेटवर्क महांतेश सांभाळायचा. कामाच्या वेळी कामगार बायका किती बसतात हे कळावं म्हणून मॅनेजर संतोषकुमारांनी त्यांच्या मनगटांवर स्मार्ट पट्टे बांधले. त्या पट्ट्यांचे मेसेज सगळ्यात आधी पोचले पाहिजेत, असा हुकूमही सोडला.

"सर, मग गॅसगळतीच्या सेन्सरचा इशारा मागं पडंल," महांतेश म्हणाला.

"कधी वाजलाय तो? सांगितलं तेवढं कर, नाहीतर चालू लाग."

महांतेशनं दातओठ खात तसं केलं.

आज साहेब फोन नाचवतच त्याच्यावर खेकसले, "बघ, पेंटशॉपमधल्या सगळ्याजणी एकदम बसल्या! एकीचाही हात हलत नाही."

महांतेश पेंटशॉपकडे धावत सुटला.



गॅसचा इशारा त्याच्या फोनवर वाटेत वाजला.